खंडेनवमीचा नमस्कार

आमच्याकडे कुणी आलं की मी आधी त्यांना दारात चपला काढताना बघते. चेहरा नंतर. कोण भिंतीला हात टेकतं, कोण एका पायावर उभं राहून सँडलचा पट्टा सोडवतं, कोण वाकायचं टाळून टाचेने टाच दाबत बूट ढकलून देतं, यावरून मला त्या माणसाबद्दल पुष्कळ कळतं. आमचे हे म्हणतात, "अगं, आलेल्या माणसाला आधी 'या' तरी म्हण. तू फिजिओथेरपीला कशाला गेलीस, पोलिसात जायला हवं होतंस." हे जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. यंत्र बिघडलं की बिघडलंय असं सांगतं, एवढंच यांना माहीत. माझी नोकरी खेळाडूंमध्ये झाली.

बेंगळुरूत येलहंकाच्या बाजूला एका क्रीडा प्रशिक्षण केंद्रात मी फिजिओ होते. निवृत्त झाल्यावरही सकाळी मल्लेश्वरमच्या घरातल्या पुढच्या खोलीत थोडे पेशंट बघते. महाराष्ट्र मंडळात अजून लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही खेळाडूंना मालिश करायच्या ना?" पूर्वी मी रागवायचे. आता "हो, आणि कानही पिळायचे" असं सांगते.

खरं काम वेगळं होतं. टाचेपासून निघा. पोटरी, गुडघ्यामागची लवण, मांडीची मागची बाजू, नितंब, कंबर, आणि मणक्याच्या दोन्ही अंगांनी थेट मानेपर्यंत. हे सगळे स्नायू एकमेकांचे हात धरून उभे असतात. धावणं, उडी मारणं, थांबणं, वळणं, सगळं या मागच्या साखळीच्या जिवावर चालतं. पण ती आरशात दिसत नाही, आणि आरशात न दिसणारी गोष्ट कमवायला माणूस फारसा राजी नसतो. पोरं छाती आणि दंड फुगवून यायची. मी त्यांना पाठ फिरवायला सांगितलं की तोंडं उतरायची.

या साखळीतली एक कडी कच्ची राहिली की शेजारची तिचं काम गुपचूप उचलते. नितंब आळशी असेल तर मांडीमागचा स्नायू राबतो, तो थकला की कंबर राबते, आणि एक दिवस कंबरेत उसण भरते. पेशंट कंबर धरून येतो आणि खरा गुन्हेगार खाली निवांत बसलेला असतो. म्हणून दुखतंय तिथे बोट दाखवणाऱ्या माणसावर मी कधी लगेच विश्वास ठेवला नाही.

लवचीकपणावर तर मुळीच नाही. पुण्याहून आलेले एक आयटीवाले गृहस्थ होते. रोज योगासनं, कपाळ गुडघ्याला टेकायचं, आणि ते टेकवून दाखवल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यांच्या अपार्टमेंटच्या वार्षिक स्पर्धेत ते बायकोसमोर धावले आणि निम्म्या वाटेत मांडी धरून बसले. त्यांचं म्हणणं, स्नायू आखडलाय, अजून ताणून द्या. मी त्यांना पालथं झोपवलं, गुडघा वाकवून टाच नितंबाकडे ओढायला सांगितली आणि हाताने विरोध केला. पाय थरथरायला लागला. स्नायू आखडला नव्हता, तो कमजोर होता आणि घाबरून घट्ट झाला होता. ताणल्याने लांबी मिळते, ओझं पेलायची ताकद मिळत नाही. हे त्यांना पटायला फार वेळ लागला. त्यांनी मधल्या काळात आणखी दोन फिजिओंना विचारून घेतलं, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. मला राग नाही आला. मीही तेच केलं असतं.

खेळाडूंचं खोटं दोन प्रकारचं असतं. सराव जड असला की दुखतं, आणि स्पर्धा जवळ आली की दुखत नाही. त्यामुळे सरावाच्या दिवसांत मी रडणाऱ्यांवर संशय घ्यायचे आणि निवडीच्या दिवसांत हसणाऱ्यांवर. प्रशिक्षक लोक तर जातिवंत वकील. आमचे शिवण्णा सर, धावपटूंचे प्रशिक्षक, दारातूनच सुरू व्हायचे, "मॅडम, स्वल्प टाइट आहे, तेवढंच. ओके करून टाका." त्यांचं स्वल्प म्हणजे मुलगी लंगडत असायची. माणूस वाईट नव्हता. त्यांना शर्यत दिसायची, मला तिच्यानंतरचं वर्ष दिसायचं, आणि आमचं रोज वाजायचं.

पवित्रा त्यांचीच. हसनजवळच्या खेड्यातून आलेली, चारशे मीटर धावणारी, उंच, गप्प. वडील इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होते. आमचं बोलणं कन्नडात व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. त्या हंगामाच्या सुरुवातीला तिच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू फाटला. पुरता नाही, पण धावताना गोळी लागल्यासारखी ती ट्रॅकवर बसली. पुढचे महिने माझ्याकडे. तिने नेमून दिलेला एकही व्यायाम कधी चुकवला नाही.

दसऱ्यानंतर राज्याच्या रिले संघाची निवड होती. चौघी जाणार, तीन जागा ठरल्यासारख्या होत्या, चौथ्या जागेसाठी दोघी: पवित्रा आणि मृण्मयी. मृण्मयी पुण्याची, आई-वडील दोघं आयटीत, व्हाइटफील्डला घर. पवित्राला त्या जागेची जास्त गरज होती, हे सगळ्या केंद्राला ठाऊक होतं. राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून धावली असती तर खेळाडूंसाठी राखीव असलेल्या सरकारी नोकरीला ती पात्र ठरली असती, आणि वयाच्या अटीमुळे तिला पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता. निवडीत धावण्यासाठी ती बरी झाली आहे असं मी सांगणं गरजेचं होतं. मी नाही म्हटलं तर मृण्मयीची जागा आपोआप पक्की.

मी पवित्राला तपासलं. तिने खाली वाकून तळहात जमिनीला टेकवले, दोन्ही गुडघे सरळ. एका पायावर कंबर उचलायला लावली, दोन्हीकडे सारखं. पालथं झोपवून हाताने विरोध केला, पाय हलला नाही. अर्थात त्याला फार अर्थ नव्हता, धावपटूची दुखरी मांडीसुद्धा माझ्या मनगटाला भारी असते. ताकद मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. "नोवु?" मी विचारलं. दुखतंय का?

"नोवु इल्ला, अक्का." अजिबात दुखत नाही.

सगळं छान होतं. इतकं छान की माझ्या मनात पाल चुकचुकली. बऱ्या झालेल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर थोडी भीती शिल्लक असते, पाय टाकण्याआधी तो एक क्षण विचार करतो. हिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पाठ केलेला धडा म्हणावा तशी ती प्रत्येक चाचणी देत होती.

राहिली एक चाचणी, जी मला सगळ्यात खरी वाटते. गादीवर गुडघ्यांवर उभं राहायचं. जोडीदाराने मागे बसून दोन्ही घोटे घट्ट धरायचे. मग अंग फळीसारखं सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. मांडीमागचे स्नायू तुम्हाला धरून ठेवतात, जितकी ताकद तितका वेळ. झुकताना टाचा धरणाऱ्याच्या हातात वर रेटल्या जातात. पवित्राचे घोटे मृण्मयी धरायची, सरावात त्या दोघींची जोडी होती. मी समोर उभी राहायचे. मला चेहरा बघायचा असतो, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पवित्रा सुरेख खाली गेली. पण यात एक फट आहे. दोन पायांचं काम एकटा बळकट पाय बराच ओढून नेऊ शकतो, आणि समोरून ते दिसत नाही. ते कळतं फक्त घोटे धरणारीच्या हातांना. मी मृण्मयीला विचारलं, दोन्ही टाचा सारख्याच जोराने वर येताहेत ना.

"हो काकू. एकदम सेम. ट्रस्ट मी."

ट्रस्ट मी म्हणणाऱ्या माणसावर मी सहसा अजिबात ट्रस्ट करत नाही. पण इथे माझं गणित वेगळं झालं. पवित्राचा पाय कच्चा असेल तर फायदा कुणाचा? मृण्मयीचा. मग आपल्याच तोट्याचं खोटं ती का बोलेल? साक्षीदार विरुद्ध बाजूचा असला की त्याची साक्ष पक्की, एवढं मलाही कळत होतं. शिवण्णा सरांना मी सांगितलं, दसऱ्याच्या सुट्टीनंतर कळवते. ते म्हणाले, "सरी मॅडम, ठीक आहे, पण आता शोधायला काय उरलंय?" घरी हे म्हणाले, तुला मुलगी बरी झाल्याचं दुःख झालंय. मी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

मधे खंडेनवमी आली. आमच्या घरचा शब्द खंडेनवमी, गावाचा आयुधपूजा. बेंगळुरूत त्या दिवशी पूजा झाली नाही असं एकही चाक किंवा हत्यार राहत नाही. बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात, चौकाचौकात कुंकू भरलेले कोहळे फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांवरून स्कूटर घसरून पडलेले लोक माझ्याकडे येतात. केंद्रातही व्यायामशाळेत पूजा असायची. मधोमध जमिनीवर एक बारबेल, तिच्यावर शेवंतीच्या माळा, बाजूला हर्डल्सचा एक अडथळा, थाळी, भाला, स्पाइक्सचे जोड, शिवण्णा सरांचं स्टॉपवॉच, आणि माझं अल्ट्रासाउंडचं यंत्र, त्याला हळद-कुंकू. एकेकाने पुढे यायचं, जमिनीवरच्या बारला वाकून हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा आणि कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांचा द्रोण घेऊन बाजूला व्हायचं.

मी मुद्दाम मागे उभी राहायचे. सगळ्या केंद्राच्या पाठी एका रांगेत बघायला मिळतात असा वर्षातला हा एकच दिवस. माझ्या टेबलाजवळ येताना जो तो तयारीने येतो. देवापुढे वाकताना कुणाच्या डोक्यात फिजिओ नसते. एका वर्षी एका भालाफेकपटूची लपवलेली कंबरदुखी मी अशीच पकडली होती. तो पुढे कितीतरी दिवस मला बघून रस्ता बदलायचा.

पवित्रा त्या दिवशी परकर-पोलक्यासारख्या लांब घागऱ्यात होती, केसांत मल्लिगे, म्हणजे मोगरा. ती वाकली. डावा पाय किंचित मागे सरकला, डावी टाच उचलली गेली, घागऱ्यात गुडघा सैल झाल्याचं मला स्पष्ट कळलं. सगळा भार उजवीकडे. माझ्यापुढे जमिनीला तळहात टेकवणारी मुलगी बारला फक्त बोटांची टोकं लावून उठत होती, आणि उठताना तिने उजव्या मांडीवर हात दाबला.

हे सगळं मी बघितलंच. पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीने. पवित्राच्या शेजारी मृण्मयी उभी होती, तोंड पलीकडे, कुणाशी तरी हिंदीत हसत बोलत होती. पवित्रा उठायला लागली तसा मृण्मयीचा हात तिच्या डाव्या कोपराखाली गेला. बघितलं नाही, बोलणं थांबलं नाही, हात मात्र नेमका तिथे गेला, आणि पवित्राने त्यावर नेमका भार टाकला. असा हात एका दिवसात तयार होत नाही. आमच्या आईला शेवटच्या वर्षांत आम्ही बहिणी असंच उठवायचो.

मी लोकांच्या स्वार्थावर संशय घेत आले होते आणि त्यात मी वाकबगार होते. कुणी स्वतःचं नुकसान करून दुसऱ्यासाठी खोटं बोलत असेल, हे माझ्या संशयाच्या यादीतच नव्हतं.

सुट्टी संपल्यावर दोघींना बोलावलं. गादी घातली आणि मृण्मयीला सांगितलं, आज घोटे मी धरणार. ती एकदम म्हणाली, "काकू, तुम्ही कशाला खाली बसताय, मी आहे ना." मी टेबलाचा कोपरा धरून खाली बसले. तिने हात पुढे केला, तो मी घेतला नाही.

पवित्रा झुकायला लागली. उजवी टाच माझ्या तळहातात इतक्या जोराने रेटली गेली की माझं मनगट वर आलं. डावी टाच नुसती पडून होती. तिला आता पुढे जायचं नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. शेवटी ती हातांवर पडली आणि तशीच पडून राहिली. माझ्या हातात तिचे दोन घोटे होते. मी ते सोडले नाहीत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीच्या दिवशी पवित्रा वेदनाशामक गोळी घेऊन यायची, सणाच्या दिवशी घ्यायचं कारण नव्हतं. सकाळी मृण्मयी हॉस्टेलवर यायची आणि दोघी मिळून माझ्या चाचण्यांचा सराव करायच्या. म्हणजे मी खेळाडू तपासत होते आणि त्या मला तपासत होत्या. एरवी चिडून मी विचारलं असतं, पण तेव्हा मी शांतपणे मृण्मयीला म्हटलं, तुला कळलं नाही का, ती भर शर्यतीत पडली तर पुन्हा कधीच धावू शकणार नाही.

"आणि नाही धावली तर?" ती म्हणाली. "मला ती जागा मिळून काय होणार काकू? सीव्हीवर एक लाइन. तिचं सगळं लाइफ आहे त्यात. तुम्ही फक्त एकदा बघितलं नसतं तर चाललं असतं."

पवित्राने तिला हाताने गप्प केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, एकच शर्यत. नंतर पाय गेला तरी चालेल. नोकरीत धावावं लागत नाही."

मी घरी गेले, यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू नुसतं 'बरी आहे' म्हणालीस तर तुझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?" नंतर स्वतःच म्हणाले, "पण तुला कळलेलं आहे." दुसऱ्या दिवशी मी शिवण्णा सरांना सांगितलं, पवित्रा धावणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही.

मृण्मयी धावली, संघात गेली, आणि परत आल्यावर कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. पवित्राची नोकरीची संधी गेली. त्या शर्यतीत तिचा पाय टिकलाही असता. असे टिकलेले पाय मी पाहिलेत. मी बरोबर होते हे मला माहीत आहे, आणि तरीही पीण्याकडे जाणारी मेट्रो दिसली की लेथवर वाकलेला तिचा बाप माझ्या डोळ्यांपुढे येतो. त्यांनी मला एकदाही जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

पवित्रा मात्र दुसऱ्याच आठवड्यात व्यायामाला आली. मला वाटलं, काहीतरी डाव असणार. डाव नव्हता. तिने तो पाय मुळापासून बांधला, नंतर जिल्ह्यात, विद्यापीठात धावली, पूर्वीची वेळ मात्र पुन्हा कधी गाठली नाही. मग खेळाडूंची ताकद वाढवण्याचं शिक्षण घेतलं आणि आता आमच्याच केंद्रात ट्रेनर आहे. कंत्राटी आहे, कायम नाही. पोरं तिला घाबरतात, असं ऐकते. मृण्मयी परदेशात असते. दर आयुधपूजेला ती पवित्राला व्हिडिओ कॉल करते आणि पवित्रा बारबेलपुढे फोन धरते.

यंदा पवित्राने मला पूजेला बोलावलं. निवृत्तीनंतर मी गेले नव्हते. व्यायामशाळा तीच, माळा त्याच, माझ्या यंत्राच्या जागी नवं चकचकीत यंत्र. म्हटलं, आज रांगेच्या मागे उभं राहायला नको, आता ते माझं काम नाही. पुढे गेले, जमिनीवरच्या बारला वाकून हात लावला, डोळ्यांना लावला आणि सरळ झाले. तेवढ्यात माझ्या उजव्या कोपराखाली एक हात आला.

"उजवा खुबा कधीपासून दुखतोय, अक्का?"

मी म्हटलं, "काही नाही गं, वय झालं."

पवित्रा हसली नाही. माझ्या मागे उभी होती, म्हणजे मुद्दामच उभी राहिली होती. "चेहरा बघायचा असतो म्हणून समोर उभी राहते, असं तुम्ही सांगायचात," ती म्हणाली. "तेव्हाही मला खरं वाटलं नव्हतं. तुम्हाला खाली बसता येत नव्हतं. त्या दिवशी टेबल धरून बसलात, तेव्हा नक्की कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही नोवु इल्ला म्हणाला असता."

मी हात सोडवून घ्यायला गेले. तिने सोडला नाही. उद्या सकाळी या, म्हणाली, घोटे मी धरते.